उतारावर पेटणारा दिवा

माझी धाकटी जाऊ गाड्यांची वायरिंग करते. हौस म्हणून नव्हे. एक्केचाळीस वर्षं झाली, हाच तिचा धंदा. आमच्या घराच्या पुढच्या अंगाला पत्र्याची शेड आहे, तिथे ती बॉनेटमध्ये कमरेपर्यंत बुडालेली असते आणि बाहेर नुसते पाय दिसतात. नवीन गिऱ्हाईक येतं, त्या पायांना वळसा घालून आत बघतं आणि विचारतं, "मिस्तरी कुठे आहेत?"

या एका प्रश्नाने माझं डोकं किती वेळा फिरलंय ते माझं मलाच माहीत.

आत स्टुलावर माझे दीर चहा पीत बसलेले असतात. ते उठतात, "बोला" म्हणतात. गिऱ्हाईक त्यांना गाडीचं दुखणं सांगतं. ते डॉक्टरसारखी गंभीर मान हलवतात. धाकटी बॉनेटमधूनच ऐकत असते. काम होतं, दिवा लागतो, भोंगा वाजतो आणि गिऱ्हाईक दिरांच्या पाठीवर थाप मारतं. "गुण आहे बुवा तुमच्या हाताला!" दीर म्हणतात, "चालायचंच." धाकटी फडक्याला हात पुसते आणि पुढच्या गाडीत शिरते.

आता खरं काय ते सांगते. माझ्या दिरांना तांबडा आणि हिरवा हे रंग वेगळे दिसत नाहीत. जन्मापासूनचं आहे. दोन्ही त्यांना चिखलासारखे दिसतात. घरात आम्हाला ठाऊक होतं, बाहेर कुणालाच नाही. आणि असा माणूस शिकला काय, तर गाडीची वायरिंग! सासरे म्हणत होते शिवणकाम शीक. त्यातही रंगच आले म्हणा, पण चुकून हिरव्या शर्टाला तांबडं बटण लागलं तर कुणी कशावर आदळत नाही.

लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी एका दूधगाडीत दोन वायरींची अदलाबदल केली. ब्रेक दाबला की भोंगा वाजायचा. दूधवाला दर घरासमोर थांबणार आणि दर घरासमोर भोंगा. सात दिवस अख्खी गल्ली गजराशिवाय उठत होती. दूधवाला भांडायला आला तेव्हा दीर म्हणाले, "लोकांना कळावं म्हणून मुद्दाम तसं केलंय." तो बिचारा आभार मानून गेला. नवी नवरी दाराआडून हे ऐकत होती. तिने मला विचारलं, "जाऊबाई, हे खोटं बोलले ना?" मी तिला आत ओढून सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून ती त्यांच्या कोपराशी जाऊन उभी राहायला लागली. हातात चहाचा कप, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं चहा द्यायला आलीय. ते वायर वर उचलायचे, ती हळूच म्हणायची, "तांबडी." "हिरवी." "तांबडी, पांढऱ्या रेघेची." दोन वर्षांनी ती म्हणायला लागली, "तांबडी, पण ती नका लावू." पाचव्या वर्षी कप दिरांच्या हातात गेला आणि पक्कड तिच्या.

तिची कामाची एक रीत आहे. मीटरवर तिचा फारसा भरवसा नाही. मीटर आहे तिच्याकडे, पण ती म्हणते, मीटरला नुसता विजेचा दाब कळतो. नळ बंद असताना पाइप कसा टणक लागतो, आणि सोडला की बारीक धार येते, तसं वायरीचं असतं. वायरीकडून काम करून घेतल्याशिवाय तिची लायकी कळत नाही. म्हणून एका मोडीत गेलेल्या मोटारीचा मोठा दिवा तिने काढून ठेवलाय. कुठलीही वायर ओढून झाली की शेवटच्या टोकाला तो दिवा जोडायचा. पांढरा लख्ख पेटला तर काम पास. पिवळा पेटला तर सगळं उपसून पहिल्यापासून. गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

आमच्या गल्लीला तीस वर्षं पत्रं देणारा पोस्टमन निवृत्त झाला. त्याची मुलगी फार लांब राहते, गाडीने आठ दिवसांचा रस्ता. पोस्टमनच्या बायकोला विमान सोसत नाही, कान धरून रडायला येतं. तेव्हा या नवराबायकोने एक जुना ट्रेलर घेतला. चाकावरची खोलीच ती: दोन बाकं, हात धुवायला भांडं आणि शिवणयंत्राएवढा फ्रिज. तो ओढायला एक कोरी करकरीत गाडी घेतली, मोठ्या रस्त्यावरच्या कंपनीच्या दुकानातून. त्याच्या सगळ्या भिंती काचेच्या, म्हणून आम्ही त्याला काचेचं दुकान म्हणतो. फ्रिज चैनीसाठी नव्हता. बाईंना साखरेचा आजार, दिवसातून दोनदा इन्सुलिनची सुई. त्या बाटल्या गार राहिल्या पाहिजेत. फ्रिज चालायचा ट्रेलरमधल्या बॅटरीवर, आणि ती बॅटरी भरायची कुणी? पुढच्या गाडीने, ओढता ओढता.

पोस्टमन शेडमध्ये आला. "काकू, गाडी चालत असताना मागची बॅटरी भरत राहिली पाहिजे. एवढंच करा."

"एवढंच?" धाकटी म्हणाली. "बायको तुमची त्याच्यावर जगणार, आणि एवढंच?"

मला तिने समजावलं होतं ते सांगते. गाडीच्या इंजिनाबरोबर अल्टरनेटर फिरतो, तो वीज करतो आणि पुढची बॅटरी भरतो. त्या बॅटरीपासून गाडीच्या पोटाखालून बोटाएवढी जाड वायर मागे हुकापर्यंत न्यायची, तिथे प्लग, प्लगपासून ट्रेलरच्या बॅटरीला. परतीची काळी वायरही तेवढीच जाड आणि वेगळी. बाकीचे मिस्तरी परतीचं काम हुकाच्या लोखंडावर भागवतात. ग्रीस लागलं, गंज चढला की बोंब. आणि मध्ये एक रिले. पुढून चांगला दाब येत असला की तो वायर जोडतो, दाब पडला की तोडतो, नाहीतर गाडी उभी असताना मागचा फ्रिज पुढची बॅटरी पिऊन टाकेल आणि सकाळी किल्ली फिरवली की नुसती खरखर.

हे सगळं तिने शंभर गाड्यांत केलेलं. पण ही गाडी नवी, पोटात कॉम्प्युटर. धाकटीने बॉनेट उघडलं, बघितलं आणि परत मिटलं. "आधी विचारून येते," म्हणाली.

बस बदलून काचेच्या दुकानात गेली. तोंड बघून घ्यावं अशी फरशी आणि बसायला एक खुर्ची नाही. पाऊण तास उभं ठेवलं तिला. मग टाय घातलेला एक साहेब आला, गाड्यांच्या दुरुस्तीचा मुख्य.

धाकटी म्हणाली, "या गाडीमागे बॅटरीवाला ट्रेलर लावायचाय. वायरिंगचा नकाशा दाखवता का?"

"नकाशा बाहेरच्यांना देत नाही."

"देऊ नका, दाखवा."

"दाखवतही नाही."

"बरं, तोंडी सांगा. हिचा अल्टरनेटर नेहमीसारखाच चालतो ना? काही वेगळं करावं लागतं का?"

साहेब हसला. "मावशी, तुम्ही मिस्टरांना पाठवा."

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा दीर म्हणाले, "जाऊ का मी?" मी म्हटलं, "जा आणि विचारून या, फरशी तांबडी आहे की हिरवी." धाकटी हसली नाही. शेवटी नेहमीच्या रीतीनेच तिने तीन दिवस काम केलं. गाडी सुरू करून मागच्या प्लगला मोठा दिवा जोडला. पांढराशुभ्र. दहा मिनिटं तसाच. मग पोस्टमनच्या बायकोने बाटल्या फ्रिजमध्ये रचल्या आणि दोघं हात हलवत गेले.

चौथ्या दिवशी फोन आला. फ्रिज कधीचा गरम पडला होता; गारवा कमी लागतोय तो बाहेरच्या उन्हामुळे, असं त्यांना वाटलं. बाटल्या उकाड्यात खराब झाल्या, बाई त्यातूनच सुई घेत राहिल्या, साखर कुठल्या कुठे गेली. रस्त्यातच चक्कर येऊन पडल्या. अनोळखी गावातल्या दवाखान्यात दोन दिवस काढून परत आल्या.

पोस्टमन गाडी घेऊन आधी काचेच्या दुकानात गेला. नवी गाडी, तिची जबाबदारी त्यांच्यावर, हे त्याचं बरोबरच होतं. टायवाल्याने बॉनेट उघडलं, जाड वायर बघितली आणि विचारलं, "हे कुणी केलं?" पोस्टमनने सांगितलं. चार गिऱ्हाइकं उभी असताना तो म्हणाला, "बायकांच्या हातात वायर दिली की असंच व्हायचं." आणि एक फॉर्म काढून दिला. बाहेरच्या वायरिंगमुळे बिघाड झाला, करणाऱ्याची सही आणा, नाहीतर या गाडीच्या कुठल्याच बिघाडाला आम्ही जबाबदार नाही.

दोन दिवसांत गोष्ट सगळीकडे झाली. पेट्रोलपंपावर, टायरवाल्याकडे, भाजीवालीपाशी. "त्या वायरवाल्याच्या बायकोने म्हणे एका बाईला मारायची बाकी ठेवली होती." बघा गंमत! एक्केचाळीस वर्षं लागलेला प्रत्येक दिवा दिरांचा होता. न चाललेला पहिला फ्रिज मात्र लगेच धाकटीचा झाला. तिचं नाव लोकांना त्या दिवशी सापडलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. भाजीवालीला मी म्हटलं, "तुझ्या हातगाडीवरचा दिवा कुणी लावलाय गं?" ती म्हणाली, "भाऊंनी." भाजी न घेताच परत आले.

आणि धाकटी? तिने साबणाने हात धुतले, तीनदा धुतले, आणि स्वयंपाकघरात येऊन बसली. शेडमध्ये जाईना. मी म्हटलं, "अगं, काय बिघडलं ते तरी बघ."

"बघून काय करू? बाईला काही झालं असतं म्हणजे?"

"झालं नाही ना!"

"ते माझ्यामुळे टळलं थोडंच? नशिबाने झालं नाही. माझा दिवा पांढरा होता, जाऊबाई. एवढी वर्षं मी त्या दिव्यावर विसंबले. आता कशावर विसंबू? मी परत वायरीला हात लावणार नाही."

शेडमध्ये लाँड्रीवाल्याची गाडी अर्धवट उघडून पडली होती. दीर मला म्हणाले, "वहिनी, जरा रंग सांगायला येता?" गेले. रंग मी अगदी बरोबर सांगितले. त्यांनी जोडणी केली, किल्ली फिरवली आणि धूर आला. रंग कळत होते मला, पण 'ती नका लावू' हे कुठून सांगणार? लाँड्रीवाला सहाव्या दिवशी गाडी ढकलत दुसरीकडे घेऊन गेला. धाकटीने खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, की ही खरंच सोडतेय.

आठव्या दिवशी पोस्टमनची बायको स्वतः आली. चेहरा उतरलेला, पण पायऱ्या एकटी चढली. धाकटी तिच्याकडे बघेना, परातीतले तांदूळ निवडत राहिली.

"मी मेले नाहीये," बाई म्हणाल्या. "बघितलंत तरी चालेल."

धाकटीने मान वर केली. डोळे भरलेले.

"मुलीचे दिवस भरत आलेत. दीड महिना राहिलाय. मला जायचंय. तुम्ही करून देणार की नाही?"

"त्या काचेच्या दुकानातून करून घ्या. मी नाही."

"त्यांनी केलं तर मी त्या खोलीत पाऊल ठेवणार नाही. काय बिघडलं म्हणून विचारलं तर म्हणाले, वायर. म्हटलं, वायरीला काय झालं? तर म्हणाले, बाहेरची आहे. हे काय उत्तर झालं? तुम्ही तरी सांगा, काय झालं होतं?"

"मलाही माहीत नाही हो."

"मग शोधा. करू नका. पण शोधायला तर हात लावाल? तेवढं माझं देणं लागता तुम्ही."

परात बाजूला सरकवून धाकटी उठली.

पोस्टमनने गाडी आणि ट्रेलर शेडमध्ये आणून लावले. उभ्या गाडीवर धाकटीने परत सगळं तपासलं. दिवा पांढरा. वायर थंड. प्लग घट्ट. मग बॉनेट मिटून ती म्हणाली, "बिघडलं ते रस्त्यावर बिघडलं. मी इथे काय बघतेय?"

ट्रेलर सोडून ठेवला. मागच्या प्लगला मोठा दिवा जोडला, वायर डिकीतून आत घेतली आणि दिवा मागच्या सीटमागे आमच्याकडे तोंड करून बांधला. पोस्टमन चालवायला, बाई त्याच्याशेजारी, मागे आम्ही दोघी जावा. धाकटीने मीटरची वायर पुढच्या बॅटरीपासून आणून मीटर मांडीवर घेतला. माझं काम दिव्याकडे बघायचं. गुडघे सीटवर टेकून, पाठमोरी, देव्हाऱ्यासमोर बसावं तशी बसले. मागून येणारा ट्रकवाला माझ्याकडे बघून हसत होता. हसू दे मेल्याला.

गावातून निघालो, दिवा लख्ख. पंधरा मिनिटं लख्ख. माझ्या डोळ्यांपुढे हिरवे गोळे नाचायला लागले. मोठा सपाट रस्ता लागला, गाडीने वेग धरला आणि टक् करून दिवा विझला.

"गेला!" मी ओरडले.

पोस्टमनने घाबरून ब्रेक दाबला. दिवा पेटला.

"आला!"

त्याने परत वेग घेतला.

"गेला!"

"वहिनी, नक्की काय ते एकदा ठरवा," पोस्टमन म्हणाला.

"मी कुठली ठरवतेय? तुमची गाडी ठरवतेय!"

धाकटी मीटरकडे बघत होती. "चालवत राहा. थांबू नका," म्हणाली. तिचा तो आवाज मी आठ दिवसांनी ऐकला. बॉनेटमधून येतो तो आवाज.

पुढे पुलाकडे जाणारा लांब उतार आहे. उतार लागला, पोस्टमनने पाय उचलला, आणि दिवा आपोआप पेटला. अख्खा उतार पेटलेला. पूल ओलांडून सपाटीला लागलो, टक्, अंधार. धाकटी म्हणाली, "परत." तोच उतार आम्ही सहा वेळा उतरलो. पुलाजवळचा पंपवाला शेवटी बाहेर येऊन उभा राहिला. त्याला वाटलं आमचं काहीतरी नदीत पडलंय.

सहाव्या वेळी धाकटीने मीटर बाजूला ठेवला. "कळलं. ही गाडी कंजूस आहे."

"म्हणजे हो?" बाईंनी विचारलं.

"पुढची बॅटरी भरली की ही अल्टरनेटरला झोपवते. पेट्रोल वाचवायला. उतारावर धाव फुकटची, तेव्हा तेवढी वीज करून घेते. सपाटीवर दाब पडतो, आणि दाब पडला की माझा रिले सुटतो. रिले बिचारा सांगितलेलं काम करतोय. तुम्ही तीन दिवस सपाटीने गेलात, मागे थेंबभर वीज गेली नाही. जुन्या गाड्या असं करत नव्हत्या." मग थोडी थांबून माझ्याकडे वळली. "मी उभ्या गाडीवर दहा मिनिटं बघितलं, जाऊबाई. असं रस्त्यावर तासभर फिरून बघायला हवं होतं. ते माझं चुकलं."

"विचारायला गेली होतीस ना?" मी म्हटलं.

"गेले होते."

"मग चल परत!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काचेच्या दुकानात गेलो. धाकटी, मी, पोस्टमन. दीरही म्हणाले, मी येणार. मी म्हटलं, "तिथे चहा नाही मिळत." तरी आले.

टायवाला कॉम्प्युटरमध्ये बघत होता. धाकटीने विचारलं, "साहेब, ही गाडी सपाटीवर अल्टरनेटर झोपवते का?"

मान वर न करता तो म्हणाला, "सगळ्याच नव्या गाड्या तसं करतात."

"मग ट्रेलरची बॅटरी भरणार कशी?"

"मध्ये चार्जरचा डबा बसवावा लागतो. दाब कमी आला तरी वाढवून मागे देतो. आमच्या बुकात आहे."

इतक्या सहज सांगितलं त्याने! बस किती वाजता सुटते सांगावं, तसं. एक बाई दोन दिवस दवाखान्यात पडली, एकीला आठ दिवस अन्न गोड लागलं नाही, आणि याच्या बुकात आहे!

"त्याच बुकासाठी मी इथे पाऊण तास उभी होते," धाकटी म्हणाली.

"ते कंपनीचं बुक आहे. बाहेरच्यांना—"

पोस्टमन कधी आवाज चढवत नाही. त्याने नुसतं विचारलं, "मी तर आतला होतो ना? गाडी घेताना सांगितलं होतं, मागे ट्रेलर आहे, ट्रेलरमध्ये फ्रिज आहे, फ्रिजमध्ये बायकोचं औषध आहे. तुम्ही म्हणालात, ओढते की."

"मग? ओढली ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे," मी म्हटलं, "तुला हे ठाऊक होतं आणि तू हिच्यावर खापर फोडलंस? चार माणसांत? मघाशी जे दोन वाक्यांत सांगितलंस ते तेव्हा सांगायला तुझी जीभ झिजली असती का? ही विचारत होती रे तुला! न विचारता केलं असतं तर मीच तिला बोलले असते."

लोक वळून बघायला लागले. टायवाल्याने मला सोडलं आणि दिरांना गाठलं. "काका, तुम्ही समजवा यांना. तुम्ही जुने मिस्तरी, तुम्हाला कळतं. असली कामं बायकांवर सोडायची नसतात."

टेबलावर गाड्यांच्या रंगांची कार्डं पंख्यासारखी मांडून ठेवली होती. दिरांनी त्यातली दोन उचलली.

"हे कुठलं?"

"तांबडं."

"आणि हे?"

"हिरवं. का?"

"मला दोन्ही सारखीच दिसतात," दीर म्हणाले. "जन्मापासून. मी मिस्तरी नाही, साहेब. एक्केचाळीस वर्षं मी चहा प्यालो आणि शाबासकी घेतली. काम हिने केलं. मी सुरुवातीला केलं होतं, तेव्हा ब्रेक दाबला की भोंगा वाजायचा."

कुणीतरी फिसकन हसलं, पण दिरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. धाकटीने त्यांची बाही ओढली. "अहो, कशाला सांगायचं?"

"उशीरच झालाय," ते म्हणाले.

खरं सांगते, या माणसावर मी एक्केचाळीस वर्षं मनातून चिडून होते. त्या दिवशी निम्मा राग गेला. निम्मा आहे अजून.

मग धाकटी म्हणाली, "तो फॉर्म द्या." टायवाल्याचा चेहरा उजळला. फॉर्म दिला, पेनही दिलं. तिने फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. तिला लिहायची सवय नाही, ओठ हलतात लिहिताना. सगळे उभे होतो. तिने लिहिलं: 'मी दहा मिनिटं तपासलं, जास्त तपासायला हवं होतं, ही चूक माझी. गाडी अल्टरनेटर झोपवते का, हे विचारायला मी आले होते. यांना माहीत होतं. यांनी सांगितलं नाही.' खाली सही केली, टिंब दिलं.

टायवाल्याने वाचलं. "हे असं नाही घेता येणार."

"का? खोटं आहे?"

"खोटं नाही. पण हे आमच्या फॉर्ममध्ये बसत नाही."

"इकडे द्या," पोस्टमन म्हणाला आणि कागदाची व्यवस्थित घडी घातली. "कंपनीचा मोठा साहेब कुठे बसतो ते मी शोधतो. पत्र पोचवणं माझ्याकडे लागलं."

पोचवलं त्याने. पोच आली. उत्तर अजून नाही, आणि मी काही त्याच्याकडे डोळे लावून बसलेली नाही.

परतीच्या बसमध्ये धाकटी खिडकीकडे बघत होती. दोन थांबे गेल्यावर म्हणाली, "तो डबा मागवायला हवा." मी तिकिटाची घडी घालत बसले. बोलले असते तर ती परत विचार करत बसली असती.

डबा आला, विटेएवढा. ट्रेलरमध्ये बॅटरीशेजारी बसवला. किल्ली फिरवली की तो जागा होतो, पुढून कमी दाब आला तरी वाढवून मागे देतो. वायर तिचीच राहिली, ती पहिल्यापासूनच बरोबर होती. मग तिने ट्रेलर जोडून पूर्ण दिवस गाडी फिरवायला लावली. फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या. सपाटी, चढ, उतार, बाजारातली गर्दी. दर तासाला उतरून स्वतः हात घालून बघायची.

तरी निघायच्या दिवशी पोस्टमनची बायको म्हणाली, "पहिल्या मुक्कामापर्यंत तुम्ही चला. तिथे फ्रिज उघडा आणि मला सांगा. तुम्ही सांगितलंत तर मी पुढे जाईन." धाकटी पायात चपला घालून गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसने परत आली. "काय गं?" मी विचारलं.

"गार होतं," एवढंच म्हणाली. तोंड धुवायला गेली आणि न्हाणीत बराच वेळ पाणी वाजत राहिलं.

तेवढ्यात शेडपाशी एक जण आला. नवीच गाडी, मागे ट्रेलर. काचेच्या दुकानातच कुणीतरी हळूच आमचा पत्ता दिला होता म्हणे, माझं नाव सांगू नका म्हणून. मी मनात म्हटलं, दुकानातून आलास काय, थांब, तुला आता कसा सरळ करते बघ. पण धाकटी पदराने तोंड पुसत बाहेर आली.

"करून देईन," ती त्याला म्हणाली. "पण काम झाल्यावर एक दिवस माझ्याबरोबर गाडीत बसायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

"अख्खा दिवस? दुकानातले तर तासात देतात."

"मग त्यांच्याकडे जा."

तो गाडीकडे गेला, किल्ली हातात खेळवत उभा राहिला. मग परत आला. "कुठला दिवस?"

धाकटीने त्याचं बॉनेट उघडलं आणि आत वाकली.